नाव झाकलेली फाईल

कचेरीत तिला सगळे जुळवणीबाई म्हणायचे. इस्पितळाच्या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत ती एकेका रुग्णाचे विखुरलेले कागद गोळा करी. जुने केसपेपर, रक्ताचे अहवाल, छातीचे फोटो आणि आता नव्याने आलेल्या जनुकांच्या तपासण्या. सगळं एका क्रमांकाखाली आणलं, की कुणाला कोणता आजार गाठेल, कोणतं औषध मानवेल, हे डॉक्टरांना आधीच ताडता येई. नावं झाकलेली असत. वय, जुनी दुखणी, घराण्यातले आजार एवढ्यावरून धागा जुळवायचा. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका मंगळवारी तिने तीन कागद जुळवले. बाई, वय एक्कावन्न. आई एकेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेलेली. लहानपणी इस्त्रीने भाजून डाव्या कोपरावर व्रण. त्या दिवशी इस्त्री कुणी पाडली, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिनेच, ताईच्या हातावर.

जनुकात दोष सापडला होता. खाली डॉक्टरांची नोंद होती : ‘धाकट्या बहिणीला सांगण्यास रुग्ण तयार नाही. ती फार घाबरट आहे.’

तिने फाईल मिटली. ओळख पटली तरी तोंड उघडायचं नाही, असं नोकरीला लागताना लिहून दिलेलं. रविवारी ती ताईकडे गेली. ताई कणीक मळत होती, बाह्या वर सारलेल्या.

“अशी काय बघतेस गं? तोंडाला पीठ लागलंय का माझ्या?”

“नाही,” ती म्हणाली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठली.

आठवडाभर जीव टांगणीला लागला. विचारावं तर नोकरी जाणार, आणि ताईचं गुपित चोरल्यासारखं होणार. गप्प बसावं तर आपल्याच छातीत काय वाढतंय कोण जाणे. शेवटी तिने वरिष्ठ डॉक्टरीणबाईंना गाठलं.

“एक फाईल माझ्याकडून काढून घ्या. ओळखीची निघाली.”

बाईंनी कारण विचारलं नाही. “काढते. पण त्यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये.”

“आणि मला स्वतःला तपासून घ्यायचं असेल तर? माझी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली.”

“आईचा आजार तर तुम्हाला ठाऊकच आहे ना? तेवढं कारण पुरे.”

तिने रक्त दिलं. पाचव्या आठवड्यात अहवाल आला : तोच दोष. सुदैवाने अजून गाठबीठ काही नव्हती. तो कागद घेऊन ती तडक ताईकडे गेली. ताईने तो दोनदा वाचला.

“माझंही हेच आहे गं. चार महिने झाले. तू हाय खाशील म्हणून बोलले नाही.”

दोघी खूप रडल्या. मग डोळे पुसत ताईने विचारलं, “पण तुला तपासायची बुद्धी झाली कशी?”

“आईवरून,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण ताईने तिला पोटाशी धरलं, तेव्हा ती आकसून उभी राहिली. आता दोघी तपासण्यांना बरोबर जातात. ताई तिला बारीकसारीक सगळं सांगते, आणि ती ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकते.