बसायच्या जागेचं दुखणं

“पिकू दे, मग बघू,” असं म्हणत ती गळवाभोवती अंगठा गोल फिरवायची. मधोमध कधी दाबायची नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात कुणाला कुठेही गळू आलं, तरी आधी तिला दाखवायची पद्धत होती. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो.

गळवांची आमच्याकडे ददात नव्हती. बंद खिडक्या, घाम आणि कापडाची निळी धूळ. कुणाच्या काखेत काखमांजर, कुणाच्या पापणीवर रांजणवाडी, सुई टोचलेल्या बोटाला नखुरडं. मावशी घरून कांदा भाजून आणायची आणि हळद घालून गरम पोटीस बांधायची. पापणीला मात्र कांदा लावायची नाही, नुसता तळहात घासून शेकायची. “दाबू नको गो, आत जाईल,” एवढा दम भरायची. बहुतेक गळवं तोंड करून फुटायची आणि मावशीचा भाव आणखी वधारायचा.

हे “पिकू दे” तिचं सगळीकडे चालायचं. सेठशी भांडण असो, सुनेचा रुसवा असो, नाहीतर बदलापूरकडच्या माहेरच्या जमिनीची वाटणी असो. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. दुसऱ्याला धीर द्यायला सदा मोकळ्या, आणि स्वतःचं विचारलं की दार लावून घेणाऱ्या.

तिचं काम पँटला मागचे खिसे लावायचं. “जगाच्या बसायच्या जागंची मी मालकीण,” असं म्हणून ती हसायची. सकाळी स्टुलावर बसली की जेवायच्या सुट्टीतच उठायची. एक दिवस ती एका अंगावर कलून शिवू लागली. मग कातरणांची एक गादी शिवून आणली, मधोमध भोक असलेली.

“ही काय नवी फॅशन?” मी विचारलं.

“खालून हवा लागते,” ती म्हणाली. सगळ्या हसलो, सगळ्यांत जास्त तीच.

दोन दिवसांनी तिनं मला जिन्यात गाठलं आणि भिंतीकडे तोंड करून सांगितलं. गळू होतं, आणि ते शौचाच्या जागेशेजारी. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, ठणका कमी झाला, आता पुन्हा वाढला होता.

“खालच्या दवाखान्यात चल.”

“त्या पोऱ्याला दाखवू? माझ्या लेकाएवढा हाय तो!”

“मग अंबरनाथला लेडी डॉक्टर आहे.”

“थांब गो. अजून तोंड नाय आलं. पिकू दे, मग बघू.”

पिकवणार कशी? कॅम्प चारमध्ये तिची एक खोली. त्यात नवरा, मुलगा, सून. कारखान्यात एकच संडास, दाराबाहेर कायम कुणीतरी उभं. सगळ्यांची गळवं बांधणाऱ्या बाईला स्वतःचं बांधायला वीतभर आडोसा नव्हता. मला तिचा राग यायचा. मी रोज भांडायचे. ती पाय दाबून मशीनचा आवाज वाढवायची.

शेवटी हुडहुडी भरून ताप आला तेव्हा मी तिला अंबरनाथला ओढतच नेलं. शेअर रिक्षात तिला बसवेना. माझ्या खांद्याला धरून ती अर्धवट उभीच राहिली.

“बैठो ना मौसी, गिर जाओगी,” रिक्षावाला म्हणाला.

“त्याला समजलं काय गो?” तिनं माझ्या कानात विचारलं. तापानं फणफणलेली बाई, आणि काळजी ही!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली. मावशीनं ती कधी तपासलीच नव्हती. “हे आपोआप फुटणारं गळू नाही,” बाई म्हणाल्या. “खोल आहे. बाहेर वाट नाही म्हणून पू आतल्या आत पसरतोय. गोळ्यांनी नुसता ठणका दबला. आता चिरून पू काढायचा, जखम उघडी ठेवायची आणि भरेपर्यंत रोज साफ करायची. लवकर आला असतात तर किती सोपं होतं!”

मावशीनं त्यातलं एकच ऐकलं. “रोज? रोज कोन बगनार?”

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पू निघाला, पण विष रक्तात उतरलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा ती पालथी पडली होती. मला पाहून तिनं हात धरला.

“कारखान्यात काय सांगितलंस?”

“ताप आलाय म्हणून.”

“हां. तसंच सांग.”

त्यातच ती गेली. मी तसंच सांगितलं. मावशी तापानं गेली, असंच सगळ्या म्हणत राहिल्या.

आता तिच्या स्टुलावर चिखलोलीची एक मुलगी बसते. काल खिसा लावताना ती एका अंगावर कलली. थोड्या वेळानं दुसऱ्या. मी माझं मशीन बंद केलं.

“मागं दुखतंय का तुला?”

“काय नाय काकी.” ती कानापर्यंत लाल झाली. दोघीतिघी फिदीफिदी हसल्या.

“मावशी तापानं नाही गेली,” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “बसायच्या जागेच्या गळवानं गेली. लाजेपायी गेली.”

एकेक मशीन थांबत गेलं. मी चपला घातल्या आणि दारात उभी राहिले. मुलगी स्टुलावरून उठली. मग तिनं खुंटीवरची ओढणी काढली.