बाल्कनीतले टॉवेल

शहागंजातल्या माझ्या टॉवेल-चादरींच्या दुकानात तो दर रविवारी येतो. टॉवेल उलगडतो, चोळतो, वास घेतो आणि घडी घालून परत ठेवतो. "बघू सेठ, पुढच्या खेपेला." दुसरा कुणी असता तर मी हाकलला असता, पण हा जुन्या ओळखीचा.

भाड्यानं द्यायला एकेक फ्लॅट घ्यावा म्हणून तो आणि मी पुण्याला गेलो. मी बिल्डरशी भांडून भाव पाडला. हा तेवढा वेळ खाली उभा राहून मान वर करून इमारत बघत होता. मी फ्लॅट घेतला. यानं "बघू" म्हणून टाळलं.

फ्लॅट रिकामाच राहिला आणि हप्ता माझ्या मानगुटीवर बसला. "मला का नाय अडवलं?" एका रविवारी मी त्याच्यावर ओरडलो.

"एका बी बाल्कनीत कपडे वाळत नव्हते, सेठ. राहायला माणसंच नव्हती. पण तुम्ही भाव पाडून लई खुशीत होता."

पुढं पुण्याला लेकीकडं जाताना त्यानं फ्लॅटची चावी मागितली आणि माझ्याकडून चार टॉवेल घेतले. चोळले नाहीत की वास घेतला नाही. तिथं जाऊन ते ओले करून माझ्या बाल्कनीत वाळत घातले.

थोड्याच दिवसांत भाडेकरू मिळाला. फोनवर म्हणाला, "काका, मी खालून नीट बघूनच ठरवलं. मालक स्वतः येऊन राहतात, म्हणजे पाणी येत असणार."

रविवारी तो आला, टॉवेल चोळू लागला. जन्मात पहिल्यांदा मी म्हणालो, "असाच घेऊन जा, पैसे नको."

त्यानं वास घेतला, घडी घातली. "बघू सेठ, पुढच्या खेपेला."