आभाळ बघून कळलेला देव

आज नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा उग्र वास आला आणि मी चाकूरजवळच्या आमच्या गावी, दुष्काळातल्या एका रविवारी जाऊन पोचले.

विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन माझा धाकटा भाऊ हगवणीनं गेला होता. विहिरीत पावडर पडली ती त्यानंतर. वडील आमच्या छोट्या चर्चचे पाळक. तापलेल्या पत्र्यांखाली, सतरंजीवर आम्ही सगळे घामेजून बसलो होतो आणि ते सांगत होते, "शास्त्र न वाचलेल्यालाही देव कळतो. आभाळ बघा, जमीन बघा. निर्माण करणारा कसा आहे, ते सृष्टीच सांगते. कुणालाच सबब नाही."

आई उठून उभी राहिली.

"रोज बघतीय मी आभाळ," ती म्हणाली. "कळला मला तुमचा देव. लई निर्दयी हाय."

"खाली बस!" वडील ओरडले. "सैतान बोलतोय तुझ्या तोंडून."

"न्हाई. पोरगं गेलेली आई बोलतीय."

ती निघून गेली. वडिलांनी प्रार्थना पुरी केली, पण त्यांचा आवाज फाटला होता.

तेव्हा मला वाटलं, आईनं देव नाकारला. आता वाटतं, तिनं वडिलांचं म्हणणं शब्दशः मानलं होतं, म्हणूनच ते इतके चिडले.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि वडील तिथल्या मोठ्या चर्चचे पाळक झाले; आम्हीही तिकडंच राहायला गेलो. दर रविवारी आई त्यांचा झगा इस्त्री करून हातात द्यायची आणि ते बाहेर पडले की आतून कडी लावून घ्यायची.