आता मल्लूनं काय करावं?

अण्णा गेल्याचा फोन आमच्या हुबळीच्या ऑफिसात आला, तेव्हा मी दोघा सहकाऱ्यांना एक गोष्ट सांगत होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याला मी हातानंच थांबवलं, गोष्ट संपवली, मंडळी हसली, आणि मग त्याच्याकडे वळलो. शेवट केल्याशिवाय मला उठवत नाही, ही माझी खोड घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या गोष्टीत अडकलेला माणूस सुटतोच. कसा सुटला हे विचारायला मी कुणाला सवड देत नाही. माझे हे थोरले भाऊ नेमके उलटे. त्यांनी आयुष्यात एकाही गोष्टीचा शेवट स्वतः सांगितला नाही... गेलेही तसेच, दुपारचा चहा मागून, तो यायच्या आत.

धारवाडच्या एका कारागीर प्रशिक्षण शाळेत ते फिटरच्या मुलांना शिकवत. आणीबाणीच्या आसपासची ती वर्षं. मुलं बहुतेक अळणावरकडच्या खेड्यांतली. पुस्तकातली आकृती समोर आली की त्यांचे डोळे मिटू लागत. म्हणून अण्णांनी मनानंच एक कारखाना उभा केला. मालक धोंडप्पा, महाकंजूष. फिटर मल्लू, गरीब बिचारा. मल्लूपुढे रोज काहीतरी बंद पडे आणि धोंडप्पा नवा स्क्रूसुद्धा आणू देत नसे. निम्मं मराठी, निम्मं कन्नड अशा भाषेत अण्णा मल्लूला पुरतं पेचात आणत, खडू खाली ठेवत आणि म्हणत, "हं, आता मल्लूनं काय करावं?" मग वर्गात जी झुंबड उडे! एकदा मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. न राहवून म्हणालो, "मल्लूला मारुती पावला." पोरं खदखदली. अण्णा म्हणाले, "हे आमचे बंधू. यांच्या कारखान्यात दुरुस्ती देव करतो."

इराप्पा त्या वर्गातला सगळ्यात तल्लख. त्या काळी लहान कारखान्यांत छताजवळ एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी खालची सगळी यंत्रं चालत. एके दिवशी मल्लूच्या यंत्राचा पट्टा पुलीवरून निसटला. शाफ्ट थांबवावा तर सगळा कारखाना थांबतो, आणि धोंडप्पा घरी बसवतो. इराप्पानं तोड काढली: शाफ्ट चालूच ठेवायचा, काठीनं पट्टा हळूहळू रेटायचा, की तो फिरत्या पुलीवर चढतो. जुने कामगार असं करत, ते अण्णांना ठाऊक होतं. "शाब्बास," ते म्हणाले, आणि मल्लूची नोकरी वाचली.

वर्षभरात इराप्पाला हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात काम मिळालं. तिथं खरा पट्टा निसटला. त्यानं काठी घेतली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

अण्णांनी मला इस्पितळात बरोबर नेलं. बोलणं हा माझा प्रांत, म्हणून नेलं असावं. पण तिथं इराप्पानंच आम्हा दोघांना सांभाळून घेतलं. त्याच्या कन्नड हेलाच्या मराठीत म्हणाला, "काठी आखूड झाली री, सर. मल्लूची केवढी होती, ते विचारायचंच राहिलं." चुकलेलं गणित पुन्हा तपासावं तसा त्याचा आवाज होता. अण्णा पलंगाची दांडी धरून उभे राहिले...

पुढं त्यांनी गोष्टी सोडल्या नाहीत, पण बिघडवल्या. आता काहीही अडलं तरी मल्लू आधी चालत जाऊन मेन स्विच बंद करी, पुली थांबल्याची खात्री करी, आणि धोंडप्पा ओरडायला लागला की खुशाल ओरडू देई. पोरं जांभया देत. "देऊ देत," अण्णा म्हणत. घरी ते माझ्याही गोष्टींत शिरू लागले. माझा राजपुत्र दोराला लोंबकळत दरी ओलांडून जाई, आणि अण्णा वर्तमानपत्राआडून विचारत, "दोर कुणी आधी ओढून बघितला होता का?" घरातली बच्चेकंपनी चिडे, मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेई. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, "भावजी, हसण्यावारी नेऊ नका. जेवता जेवता हात थांबतो त्यांचा."

इराप्पाला त्या कारखान्याच्या मालकानं सामानाच्या खोलीवर ठेवून घेतलं. दर दसऱ्याला तो आपल्या आपट्यासारखी बन्नीची पानं द्यायला धारवाडला येई. अण्णा सकाळपासून दाराकडे बघत. तो आला की पानं घेत, त्याला पोटाशी धरत, आईचं, शेताचं, मुलाबाळांचं विचारत. यंत्रांचा विषय मात्र कधी निघत नसे.

अण्णांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि दसरा आला. आमच्याकडे यंदा सण नव्हता, तरी इराप्पा आला. पानं त्यानं अण्णांच्या रिकाम्या कॉटवर ठेवली. वहिनींनी चहा दिला. मी म्हणालो, "अण्णांना तुझं फार वाटायचं."

"ठाऊक आहे काका." त्यानं कप खाली ठेवला. "पण माझी बोटं गेली होती री. सरांनी डोकंही गेलं असं धरलं. इतक्या वर्षांत मला एकदासुद्धा विचारलं नाही, आता मल्लूनं काय करावं म्हणून."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. म्हणालो, "एक गोष्ट सांगू?" आणि जे सुचलं ते सांगत गेलो. एक मास्तर होता. त्याच्या गोष्टीपायी एका पोराचा हात दुखावला. पोर दर वर्षी भेटायला येई, मास्तर त्याला जवळ घेई, पण त्याच्या हाताकडे बघायचं टाळी. पोराशी पूर्वीसारखं बोलावं असं मास्तरला फार वाटे, जमत नसे. "आता मास्तरनं काय करावं?" इतकं म्हणून मी थांबलो. पुढचं मलाच माहीत नव्हतं.

इराप्पा हसला नाही. कोपरं गुडघ्यांवर टेकून, खाली बघत, त्यानं खरोखरच विचार केला. चहावर साय धरली.

"सोपं होतं की," तो म्हणाला. "हे सरांनी मलाच विचारायचं."

 शेवट त्यानंच केला होता; त्या गोष्टीला मी पुढं काही जोडलं नाही.