पाचातून दोन गेले, उरले पाच

मी गणिताचा पदवीधर आहे आणि माझ्या मुलीला पाचातून दोन वजा करता येत नव्हते, याचा सगळा दोष भज्यांचा.

परी मेहकरच्या एका शाळेत केजी-टूला. शनिवारी प्रत्येक पोराने पालकांसमोर एकेक वजाबाकी करून दाखवायची होती. बायको म्हणाली, "अहो, ट्युशनले पाठवू तिले."

मी उसळलो. "घरात बी.एस्सी. मॅथ्स बसला असताना?"

"तेच तं! बसलाच हाये."

झालं, इज्जतीचा सवाल! (ती मुळात किती होती, हे विचारू नका.)

पहिल्या दिवशी बोटं घेतली. परीची पाच उघडली, दोन मिटली. "किती राह्यले?"

"पाच."

"अवं माय, दोन गेले ना!"

"कुठी गेले? हातालेच तं हायेत!"

मुद्दा बिनतोड होता. म्हणजे खरोखर नाहीशी होणारी वस्तू हवी. दुसऱ्या दिवशी आई भजी तळत होती. ताटलीत पाच मांडली, दोन मी तोंडात टाकली. "मोज आता."

परी मोजायला लागेपर्यंत मागून आईचा झारा आला. दोन गरम भजी ताटलीत!

"पाच!" परी ओरडली.

"आई, काऊन टाकले?"

"लेकराच्या ताटातलं खाऊन राह्यला, लाज नाई वाटत तुले?"

"वजाबाकी शिकवून राह्यलो मी!"

"मंग शिकव ना! कोन नाई म्हन्ते? घे, खा अजून."

मी खाल्ली. झारा आला. पुन्हा खाल्ली, पुन्हा झारा! समोरचं ताट रिकामं दिसलं की आईचा जीव कासावीस होतो. तिच्या राज्यात उणे या चिन्हाला प्रवेशच नाही. शेवटी बेसन संपलं, वजाबाकी तशीच राहिली आणि मी ओवा चावत आडवा झालो.

शनिवारी हॉल गच्च भरलेला. मॅडमनी टेबलावर पाच बिस्किटं ठेवली, दोन उचलली. "परी, किती उरली?"

परी मान उंच करून मागच्या दाराकडे बघतेय.

"सांग बेटा."

"थांबा ना मॅडम, आजी आनून राह्यली!"

हॉल हसायला लागणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून आई डबा घेऊन उठलीच! "आली वं माय, आली!"

"घरी शिकवतं कोण हिला?" मॅडमनी विचारलं. परीने बोट माझ्याकडे केलं. मी पंख्याची पाती मोजत होतो.

घरी आल्यावर बायकोने सूत्रं हातात घेतली. "परी, आपल्या घरात मानसं किती?"

"चार."

"अहो, तुम्ही जरा भाईर उभे राहा." मी निमूटपणे पायरीवर गेलो. "आता किती राह्यले?"

"तीन!"

पहिल्याच झटक्यात! मी आशेने आईकडे पाहिलं. दोन भज्यांची तूट जिला सोसत नाही, ती पोटच्या पोराची कशी सोसेल?

"बराबर हाये वं माझी बाई!" म्हणत तिने आतून कडी लावली.