काळ्या मातीवरची फौज

अकोल्याला बदली झाली तेव्हा बायको आणि मुलगी अमरावतीलाच राहिल्या. मी आठवडाभर भाड्याच्या खोलीत आणि शनिवार-रविवार घरी. मला नुसतं बसवत नाही. टीव्ही लावला तर पाच मिनिटांत उठतो, फोनवर बोलताना खोलीभर फिरतो. अशाच एका संध्याकाळी ओळखीतून एक मित्र भेटला. त्याचं औषधांचं घाऊक दुकान. दुकानामागच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि त्यावर तो बोटभर उंचीच्या सैनिकांच्या लढाया लावायचा. टेपनं अंतर मोजून फौज सरकवायची, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. मलाही हा नाद होताच. अमरावतीच्या कपाटात माझी फौज धूळ खात पडली होती. ती अकोल्याला आली आणि माझ्या संध्याकाळी मार्गी लागल्या.

नागपूरला असे खेळणारे अधूनमधून जमतात. या वेळी जोडीनं खेळायचं ठरलं, दोघांची मिळून एक फौज. आम्ही टेबलावर सगळे सैनिक एकत्र मांडले आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत तीन वेगवेगळ्या वराती घुसाव्यात तसं दिसत होतं. माझे काही सैनिक एका पोराकडून जुने घेतलेले, त्यांच्या पायाखाली पोपटी गवत. काही मी नागपुरात थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतलेले, ते नुसत्या प्लास्टिकच्या चकतीवर उभे. आणि त्याचे सगळे पांढऱ्याशुभ्र, खोट्या बर्फात.

"कपडे पुन्हा रंगवाले बसलो तर दिवाळी येईन," तो म्हणाला.

"कपडे राहू दे. पायाखालची जमीन एक करू. जमीन एक दिसली की माणसं एका गावची वाटतात."

"तुले जमते थे. घेऊन जाय पेटी."

मी पेटी मांडीवर ठेवून शनिवारच्या गाडीनं निघालो. बडनेऱ्यापर्यंत तीनदा उघडून पाहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देव आहेत का?" मी नाही म्हटलं, तरी त्यांनी पाय आवरून घेतले.

जमीन कुठली करायची यावर मी फार विचार केला नाही. बायकोचं माहेर भातकुलीकडचं. तिथल्या वावरातली काळी माती पिशवीभर आणली, तव्यावर भाजली, चहाच्या गाळणीतून चाळली. गाळणीवरून घरात जे व्हायचं ते झालं. पांढऱ्या डिंकात माती कालवून चकत्यांवर लावली आणि रात्रभर मी उठून उठून पाहत होतो. सकाळी सगळी माती तडकलेली. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात तशा बारीक भेगा, आणि कडेनं खपल्या सुटलेल्या. त्यात वाळल्यावर ती काळी राहिलीच नाही, राखेसारखी झाली. मग लाकडाचा भुसा घालून पाहिला, वाळू घालून पाहिली. वाळूचं जमलं. वर पातळ काळपट रंग दिला तेव्हा ती पुन्हा आपली माती दिसायला लागली. एवढं होईपर्यंत मी दोन आठवडे कोणाशी धड बोललो नव्हतो. जेवताना बोटांना डिंक, ऑफिसात नखांत माती.

आधी माझे सैनिक उरकले. मग त्याचे घेतले. ब्लेडनं बर्फ खरवडायचा आणि माती लावायची. एक रांग झाली, तेव्हा आनंदानं त्याला फोन लावला.

"तुया बर्फ काढून राहिलो. मस्त दिसून राहिले पोट्टे."

मग तो म्हणाला, "बर्फ काहून काढला?"

"जमीन एक करायची म्हणलो होतो ना."

"मले वाटलं, तू तुया सैनिकाइले बर्फ लावशीन."

मी हसलो. तो हसला नाही. थांबत थांबत त्यानं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्याची आई शेवटच्या आजारात अंथरुणावर होती तेव्हा ऐन मे महिना होता. कूलर गरम हवा फेकायचा. तो तिच्या उशाशी बसून हे सैनिक रंगवायचा, आणि त्या उकाड्यात त्याला बर्फच सुचला. आईनं विचारलं, हे पांढरं काय? बर्फ आहे म्हटल्यावर तिनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "थंडा तं नाही लागत रे."

"बस, एवढंच," तो म्हणाला. "तू कर तुयं काम."

फोन ठेवल्यावर मी घरातून बाहेर पडलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. उरलेल्या सैनिकांना हात लावायचं धाडस होईना आणि अर्धवट ठेवणंही सोसेना. खरवडलेला बर्फ मी ताटलीत गोळा करून वर दुसरी ताटली झाकली. ते कशासाठी केलं, मलाच कळलं नाही. सोमवारी अकोल्याला गेलो, पण त्याच्या दुकानाकडे गेलो नाही. मंगळवारीही नाही. संध्याकाळी बस स्टँडपर्यंत चालत जायचो आणि उगाच गाड्यांच्या पाट्या वाचत उभा राहायचो.

रविवारी सकाळी तोच अमरावतीला आमच्या दारात उभा. बायकोनं चहा ठेवला. त्यानं चहा घेतला नाही, सरळ टेबलाकडे गेला. मातीतला एक सैनिक उचलला, डोळ्यांजवळ धरला.

"माती कुठची?"

"भातकुलीची."

"आमचं वावरही असंच होतं दर्यापुराकडं. आई तण निंदाले जाये." मग त्याला ती ताटली दिसली. "हे काय?"

"तुझा बर्फ."

त्यानं चिमूटभर पांढरं उचलून मातीवर टाकलं. आम्ही तिघं वाकून पाहू लागलो.

"बुरशी लागल्यावाणी दिसते," बायको म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. बरं वाटलं मला. मग त्यानं माझ्या जुन्या ब्रशचे केस कापले, डिंकानं मातीत काटक्यांसारखे उभे केले आणि टाचणीच्या टोकानं एकेका काटकीवर तेच पांढरं ठेवलं. वेचणीला आलेला कापूस. आम्ही दुपारभर तेच करत बसलो. एकावर केलं तर सगळ्यांवर करावं लागणार होतं, गवतवाल्यांवरही आणि छापलेल्यांवरही. बर्फातले उरलेले त्यानं स्वतः खरवडले.

मी म्हणालो, "एखादा ठेव तसाच."

"नाही. एकच येगळा ठेवला तं नजर त्याच्यावरच जाईन. मंग लढाई कशी खेळू मी?"

नागपुरात आम्ही हरलो. माझ्यामुळे हरलो, तो थांब म्हणत असताना मी घोडेस्वार पुढे काढले आणि सगळे कापले गेले. पण समोरच्या खेळाडूनं खेळ संपल्यावर विचारलं, सगळी फौज एकाच माणसानं रंगवली का? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मित्र म्हणाला, "हो, एकाच घरची आहे."

परतताना गाडीत त्यानं पेटीतले आपले सैनिक वेगळे काढायला घेतले आणि मध्येच थांबला.

"हा कोनाचा? तुया का माया?"

मलाही चटकन सांगता येईना. त्यानं तो होता तिथं ठेवला आणि झाकण लावलं. बडनेरा आलं. मी उतरलो. पेटी त्याच्याबरोबर अकोल्याला गेली आणि मी फलाटावर रिकाम्या हातांनी येरझाऱ्या घालत अमरावतीच्या गाडीची वाट पाहू लागलो.