दामोदरपंतांची साखर

घर सोडून निघालो तेव्हा मला गावाबाहेर ढकललं ते माझ्या वडिलांनीच, आबांनी. यात अलंकार काही नाही. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, आणि उंब्रजहून सुटणारी सर्व्हिस मोटार मागे बसवलेल्या कोळशाच्या भट्टीवर चालायची. त्या सकाळी ती चालेना. ड्रायव्हर म्हणाला, पोचवायला आलेल्यांनी जरा हात लावा. आबा, चुलते, शेजारी, सगळे मोटारीला भिडले. मी ट्रंक मांडीवर घेऊन आत बसलो होतो आणि मागच्या काचेतून आबांचा लालबुंद चेहरा दिसत होता. मोटार एकाएकी सुरू झाली, आणि निरोपाचं जे काही बोलायचं होतं ते धुरात राहिलं. एवढंच ऐकू आलं, "नीट ऱ्हा. कुणाच्या भानगडीत पडू नगंस."

सांगलीचं आमचं कॉलेज म्हणजे हळदीच्या वखारीवरच्या दोन खोल्या. पोरं बोटांवर मोजण्याइतकी. वह्या, सदऱ्याच्या बाह्या, प्रोफेसरांची टोपी, सगळ्यांवर हळदीचा पिवळा थर. मी दिवाळीला घरी आलो तेव्हा आईनं आधी माझी नखं पाहिली, मग डोळे पाहिले, आणि कावीळ ठरवून मुळ्याच्या पाल्याचा रस पाजला.

आम्हांला हिशेब शिकवणारे प्रोफेसर किडकिडीत आणि हळू बोलणारे होते. पुस्तकातले भागीदार ब्राउन आणि स्मिथ. ते लंडनात राहत आणि आमच्या डोक्यात काही शिरत नसत. म्हणून प्रोफेसरांनी त्यांना काढून टाकलं आणि फळ्यावर हळद-साखरेची एक पेढी उघडली. तिचे भागीदार दोन, दामोदरपंत आणि गणूशेठ. दोघेही प्रोफेसरांच्या डोक्यातून निघालेले. गणूशेठ सरळमार्गी. दामोदरपंत मात्र पेढीतला माल घरी नेत, पेढीच्या पैशानं मुलीचं लग्न करत, आणि या सगळ्याच्या नोंदी आम्ही करायच्या.

त्या दिवाळीत आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. शेतकामात माझा उपयोग नव्हता. बैलसुद्धा मला ओळखून होते, मी हाकलं की उभे राहायचे. म्हणून चुलवणापासून जरा लांब बसून मी अभ्यास करत असे. इंग्रजी पचायला जड, तेव्हा एकेक उदाहरण मोठ्यानं मराठीत सांगून बघायचो. रस उकळणाऱ्या काहिलीपाशी बसलेले आबा तंबाखू मळत ऐकत होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"दुकानातली साखर घरला नेली?" आबांनी विचारलं. "आन् गणूशेटला इचारलं न्हाई?"

"विचारायचं नसतं आबा. दामोदरपंतांच्या नावे लिहून ठेवायचं."

"लिवलं म्हंजी झालं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी वही उघडायच्या आत आबांनी विचारलं, "काल काय केलं रं त्यानं?" त्यानं पेढीच्या पैशानं घोडागाडी घेतली होती. काहिलीवरच्या गुळव्यानं हातातलं फावडं थांबवलं. "गनूशेट लय भोळा गड्या," तो म्हणाला, आणि काहिलीतला गूळ करपायला आला.

मी सांगितलं की ही माणसं खरी नाहीत, शिकवण्यासाठी रचलेली आहेत. आबांनी यावर दिवसभर विचार केला.

"खरी असतील तर तुजी संगत वाईट हाय," ते म्हणाले. "आन् खरी नसतील तर तुजा मास्तर फी घिऊन खोटं सांगतोय. कायबी असंल, मी येऊन बघनार. पटलं न्हाई तर वळकटी उचलायची आन् घरला यायचं."

थोरला भाऊ पलटणीत होता. मी परत आलो असतो तर जन्मभर ते गुऱ्हाळ आणि ते बैल माझ्या वाट्याला होते. बैलांनाही ते आवडलं नसतं.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं आणि आबा आले. खांद्यावर गुळाची ढेप, पायांत नवं पायताण. ते शेवटच्या बाकावर बसले. प्रोफेसर "बसा, बसा" म्हणाले आणि शिकवू लागले. नेमका त्या दिवशीचा धडा होता भागीदाराचा मृत्यू. गणूशेठ वारले, त्यांच्या वारसांना काय द्यायचं ते काढा.

मागे बाक वाजलं. आबा उभे राहिले होते.

"आवं मास्तर, कवा गेलं?"

प्रोफेसरांनी वहीत पाहिलं. "गेल्या महिनाअखेर."

"आजारी हुतं?"

"ते उदाहरणात दिलेलं नाही."

पोरं फिदीफिदी हसू लागली. मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधू लागलो. पेन्सिल माझ्या हातातच होती.

"त्यांच्या घरला कोन गेलं हुतं का?"

प्रोफेसरांनी फळ्याकडे पाहिलं. तिथं फक्त आकडे होते. त्यांनी खडू खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "कोणी गेलेलं नाही."

"मग आदी जाऊन या. हिशेब काय, दिवस झाल्यावर बी व्हतोय."

हसू थांबलं. वळकटी बांधावी लागणार, हे मी मनाशी धरलं. प्रोफेसरांनी ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "गणूशेठांचा हिशेब दिवस झाल्यावर." वर्ग सुटला. ते आबांना घेऊन समोरच्या हॉटेलात चहाला गेले, आणि आत दोघांचं बोलणं बराच वेळ चाललेलं दिसलं.

मोटारस्टँडवर आबांनी निकाल दिला. "मास्तर खोटं बोलत न्हाई. त्येच्या वळखीची मानसं तेवढी वंगाळ. त्यातला गनूशेट बरा हुता, तर त्योच गेला. तू ऱ्हा हितंच. पर त्या दामोदरपंतापासनं लांब ऱ्हा."

प्रोफेसरांनी तो हिशेब खरोखर तेरावा उलटल्यावर शिकवला. परीक्षेत तोच आला.

पुढे मी पुण्याला हिशेबनिसांच्या एका ऑफिसात लागलो. आता माझा पत्ता पुण्याचा आहे, असं रेशनकार्ड सांगतं. इथं ट्रायल, ऑडिट, बॅलन्स शीट असे शब्द मी पाणी प्यावं तसे वापरतो. पण एखाद्या पेढीचा भागीदार वारल्याची फाइल टेबलावर आली की हेडक्लार्कला विचारल्याशिवाय राहवत नाही, "आपल्यातलं कोणी जाऊन आलं का?" तो चष्म्यावरून बघतो. गावात राहिलेल्यांनो, आम्ही गेलेले बदललो असं तुम्ही म्हणता, ते खरंही आहे. पण बाहेर पडलेल्यांनीही आपापलं सामान तपासून पाहावं; असलं एखादं खूळ प्रत्येकाच्या ट्रंकेतून आलेलं सापडेल. माझ्यापुरतं घर म्हणाल तर ते एवढंच उरलं आहे.

यंदा माघात आबा गेले. ऑफिसनं रजा दिली आणि परत कधी येणार ते लगेच विचारलं. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मोटारीतून एक किडकिडीत म्हातारा उतरला. टोपी अजून पिवळीच होती. कुणाकडून कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. सोप्यात घोंगडीवर ते बसले, आबांच्या रिकाम्या जागेकडे बघत. आई दाराआड उभी होती. तिला आबांनी सांगितलेलं सगळं पाठ होतं.

"मास्तर," तिनं हळूच विचारलं, "ते दामोदरपंत सुधारलं का?"

मी प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सुधारले," ते म्हणाले. "आता साखर स्वतःच्या पैशानं घेतात."

"बरं झालं," आई म्हणाली. "ह्यांस्नी त्येचा लय घोर हुता."

मी तांब्या भरून आणायला आत गेलो. तो अजून भरलेलाच होता.